भिंतीसाठी 'पर्यावरणपूरक' साहित्य: नक्की कोणता आकडा बघायचा?

उंबरठा
नमस्कार मंडळी. घरामागची जुनी खोली पाडून तिथे दोन खोल्या बांधायच्या आहेत. भिंती कशाच्या करायच्या यावर घरात दोन महिने खल चाललाय. मुलगी म्हणते लाकडी सांगाडा करा, भाऊ म्हणतो मातीचे दाबलेले ब्लॉक, गवंडी भाजक्या विटेवर अडून बसलाय आणि मला स्वतःला एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) बरे वाटतात. प्रत्येकाचं म्हणणं एकच, माझंच पर्यावरणपूरक.

शेवटी ब्लॉकवाल्यांकडून आणि वीटवाल्यांकडून त्यांची ईपीडी, म्हणजे पर्यावरणीय उत्पादन घोषणापत्रं मागवली. वीस-वीस पानांची चळत. 'जागतिक तापमानवाढ क्षमता' या ओळीत ब्लॉकसमोर १८० आहे आणि विटेसमोर २२०. दोन्हीकडे किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य असं लिहिलंय. म्हणजे फरक वीस टक्क्यांच्याही आत. मग इतका गाजावाजा कशासाठी? आणि हा एकच आकडा बघायचा का? पुढच्या पानांवर आम्लीकरण, ओझोन, पाण्याचा वापर असं बरंच काही आहे, पण ते वाचताना मला दोनदा डुलकी लागली.

कुणी स्वतः असा हिशोब केलाय का? खर्चाचं सध्या बाजूला ठेवू, त्यावर घरात वेगळं भांडण चालू आहे.

काजवा
वाचतेय. आमच्याकडे फरशीवरून हेच चाललंय.

मठ्ठपारवा
कागदावर हिरवं पान छापलंय का? असेल तर प्रश्नच मिटला. दोन पानं असतील तर डोळे मिटून घ्या.

सळई
मी स्ट्रक्चरल डिझाइन करते. गेली काही वर्षं हे कागद चाळणं कामाचाच भाग झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ईपीडी म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे. औषधाच्या वेष्टनावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं, तुम्ही ते घ्यावं की नाही ते नसतं. हेही तसंच. वाईटातल्या वाईट मालाचीही रीतसर ईपीडी निघू शकते. मागे जीवनचक्र मूल्यांकन असतं, ज्याला आम्ही एलसीए म्हणतो. त्याची पद्धत आयएसओ १४०४० आणि १४०४४ मध्ये दिलेली आहे, आणि बांधकाम साहित्याच्या ईपीडी बहुतेक वेळा ईएन १५८०४ या युरोपीय मानकाप्रमाणे केलेल्या असतात.

त्यात मालाच्या आयुष्याचे टप्पे पाडलेत. ए१ ते ए३ म्हणजे कच्चा माल काढण्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत. ए४ साइटपर्यंतची वाहतूक, ए५ प्रत्यक्ष बांधकाम. बी म्हणजे वापराची वर्षं: देखभाल, दुरुस्ती, बदल. सी म्हणजे पाडणं आणि विल्हेवाट. शेवटी डी, म्हणजे पाडल्यावर माल पुन्हा कामी आला तर होणारा संभाव्य फायदा, तो वेगळा दाखवायचा असतो. २०१९ च्या सुधारणेनंतर बहुतेक मालासाठी सी आणि डी द्यावेच लागतात. त्याआधीच्या अनेक कागदांवर नुसते ए१ ते ए३ सापडतील.

म्हणून उंबरठा, तीन गोष्टी बघून सांगा. तुमचे आकडे कोणत्या टप्प्यांचे आहेत? कागद कधीचा आहे? (मुदत साधारण पाच वर्षांची असते.) आणि आकड्यांच्या तक्त्याच्या डोक्यावर एकक काय दिलंय?

निळीशाई
मुलीचं ऐका. लाकूड. झाड वाढताना हवेतला कार्बन ओढून घेतं आणि कोरड्या लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग कार्बनच असतो. ५०० किलो कोरडं लाकूड घ्या, त्यात २५० किलो कार्बन, म्हणजे हवेतून काढलेला ९०० किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड. तो तुमच्या भिंतीत बंद. बाकी सगळं साहित्य धूर सोडून तयार होतं, हे एकटंच धूर खाऊन तयार होतं. यावर चर्चा कसली करायची?

चिंचेचं_झाड
निळीशाई, नावाप्रमाणे मीही झाडांच्याच पक्षाचा, पण हिशोब अर्धा सांगितलात.

तो कार्बन भिंतीत 'बंद' आहे तो भिंत उभी आहे तोवर. उद्या ती जाळली तर सगळा परत हवेत. कचराभूमीत हवेविना कुजली तर त्यातल्या काही भागाचा मिथेन होतो, आणि शंभर वर्षांच्या मोजणीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापदायक आहे. म्हणून ईएन १५८०४ मध्ये नियम असा की ए टप्प्यात जेवढं वजा दाखवलं तेवढंच सी टप्प्यात अधिक दाखवायचं. नुसता ए१ ते ए३ चा आकडा पुढे केला की लाकूड ऋण दिसतं आणि विक्रेता आनंदाने नाचतो.

शिवाय झाड कापल्यावर तिथे दुसरं लागलं का? जंगल तोडून आणलेलं लाकूड आणि नीट राखलेल्या लागवडीतलं लाकूड कागदावर बरेचदा सारखंच दिसतं. प्लायवुड असेल तर त्यातला डिंक कसला, फॉर्माल्डिहाइड किती सुटतं, हेही आलं.

लाकूड वाईट नाही. ८० वर्षं टिकणारी तुळई आणि १२ वर्षांत वाळवी लागून फेकलेलं कपाट यांना एकाच रांगेत बसवू नका, एवढंच.

मठ्ठपारवा
म्हणजे झाड लावलं, कापलं, भिंत केली, भिंत जाळली, बाकी शून्य. माझ्या व्यायामाचा आलेखही असाच आहे.

निळीशाई
चिंचोबा, शून्य नव्हे. साठ-सत्तर वर्षं तो कार्बन हवेबाहेर राहिला याला काहीच किंमत नाही? आणि त्या जागी काँक्रीट नाही ओतलं, त्याचं काय?

चिंचेचं_झाड
किंमत आहे. ती किती धरायची यावर तज्ज्ञांचंच एकमत होत नाही, तर तुमचं-माझं कुठून व्हायचं? काँक्रीट वाचलं हा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य.

खडीवाला
मी बांधकामाचे ठेके घेतो. हे कागद मला कधीच पटले नाहीत. साधी गोष्ट आहे: माल जेवढ्या जवळून आणाल तेवढं बरं. कमी खर्चाची घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर सांगायचे की गांधीजींच्या म्हणण्याप्रमाणे आदर्श घर पाच मैलांच्या परिघातल्या साहित्याने बांधलेलं असावं. संपलं. जागेवर माती असेल तर मातीचे ब्लॉक पाडा. ना भट्टी, ना ट्रक. त्याला ईपीडी कशाला?

सळई
खडीवाले, बेकरांबद्दल आदर मलाही आहे, पण 'जवळचं ते चांगलं' हे सरसकट चालत नाही.

ट्रकने एक टन माल एक किलोमीटर नेला की ढोबळ ०.१ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. गाडी, भरणी, रस्ता याप्रमाणे कमीजास्त. उंबरठांचा विटेचा आकडा टनाला २२० असेल असं समजू, तर १०० किलोमीटरच्या वाहतुकीने त्यात १० वाढले. पाच टक्केसुद्धा नाही. आता वाळू किंवा खडी घ्या. ती काढायला-फोडायला टनाला जेमतेम ५ किलोच्या आसपास. तिच्यावर तेच १० वाढले म्हणजे मूळच्या तिप्पट झालं! विटेला अंतर पचतं, वाळूला पचत नाही. जो माल भट्टीतून आलेला नाही तो लांबून आणू नये, असं म्हणा फार तर.

आता माती. दाबलेल्या ब्लॉकमध्ये सिमेंट किती घालता? ८ टक्के धरू. ब्लॉकचं वजन घनमीटरला १९०० किलो, म्हणजे सिमेंट दीडशे किलो. किलोला ०.९ प्रमाणे १३५ किलो कार्बन डायऑक्साइड झालेच. 'जरा मजबूत होऊ दे' म्हणत १२ टक्के घातलं तर २०५. मातीचं घर म्हणून फोटो छान येतो, पण आत सिमेंट लपलेलं असतं.

आणि सिमेंटचं दुखणं धुराड्यापुरतं नाही. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना उरतो, ४४ किलो वायू जातो. भट्टी सूर्यावर चालवा नाहीतर वाऱ्यावर, तो जाणारच. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त वाटा या रासायनिक क्रियेचा, उरलेला १४५० अंशांपर्यंत तापवायच्या इंधनाचा. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटचा आहे तो उगाच नाही.

खडीवाला
८ टक्के कागदावर. आमचा मिस्त्री घमेल्याने मोजतो आणि प्रत्येक घाण्याला 'एक मूठ देवाची' म्हणून वर टाकतो. आता ती मूठ मोजावी लागणार दिसतंय.

पण ताई, साइटवरचं एक तुमच्या कागदात येत नाही. एएसीचा ट्रक रिकामा करताना उभं राहून बघा. मी एकदा मोजले होते, शंभरातले सात-आठ ब्लॉक उतरवतानाच कोपरे गेलेले. पुढे प्लंबर खाचा पाडतो, इलेक्ट्रिशियन खाचा पाडतो, मग अर्धा ब्लॉक हवा म्हणून अख्खा कापतो आणि उरलेला अर्धा भरावात जातो. कारखान्याच्या फाटकापर्यंत सगळे शहाणे असतात.

सळई
तोच ए५ टप्पा. कागदात असतो, पण तिथे फुटतूट गृहीत धरलेली असते, तुमच्यासारखी मोजलेली नसते. हा मुद्दा मी लिहून ठेवते.

नववा_मजला
एवढ्या बारीक हिशोबाची गरज आहे का? पन्नास वर्षं खोली थंड-गरम ठेवायला जी वीज जाईल तिच्यापुढे भिंतीचा कार्बन किस झाडकी पत्ती. एएसीची उष्णतावाहकता ०.१६ च्या आसपास, भाजक्या विटेची ०.७-०.८. चार-पाच पटींचा फरक आहे. एएसी लावा आणि गप्प बसा.

चिंचेचं_झाड
खोली एसी-हीटरवर चालणार असेल तर बरोबर. नसेल तर वाचवणार काय?

दुसरं, भिंतीचा कार्बन बांधकामाच्या वर्षीच हवेत जातो, एकरकमी. विजेचा पन्नास वर्षांत थोडा थोडा जातो, आणि वीज स्वच्छ होत गेली तर दरवर्षी कमी होत जातो. आजची वीज पुढची पन्नास वर्षं तशीच राहील असं धरून केलेले हिशोब मी पाहिलेत. त्यात उष्णतारोधक फोमची जाडी जेवढी वाढवावी तेवढं चांगलं असं उत्तर येतं. पण तो फोम फुगवायला कोणता वायू वापरला ते कुणी बघत नाही. एचएफसी-१३४ए सारखा असेल तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापदायक, आणि फोममधून हळूहळू झिरपत राहतो. उष्णता अडवायला आणलं त्यानेच बाहेर पृथ्वी तापवायची, हा प्रकार.

नववा_मजला
वायूचं माहीत नव्हतं. माझ्या गच्चीवरच्या फोमचा कागद शोधतो.

पारिजात
मी कामगारांच्या आरोग्याच्या क्षेत्रात आहे. इतका वेळ सगळे कार्बनवरच बोलताय म्हणून मध्ये पडते.

दगडाची फरशी कोरडी कापताना बघितलीय का? ग्राइंडर सुरू झाला की अर्ध्या मिनिटात कापणाऱ्या मुलाच्या पापण्या पांढऱ्या होतात. तोंडाला रुमाल. त्या धुळीतली सिलिका रुमालातून आरपार जाते आणि फुफ्फुसात कायमची बसते. सिलिकोसिस बरा होत नाही. हाच दगड पाणी सोडत कापला तर धूळ बरीचशी जागेवरच बसते. दोन्ही प्रकारे कापलेल्या दगडाचा कार्बन आकडा मात्र जवळपास सारखाच.

ॲस्बेस्टॉसचंही तेच. पत्रा स्वस्त, हलका, टिकाऊ, कार्बनच्या हिशोबात फारसा वाईटही नाही. पण त्याच्या सगळ्या प्रकारांमुळे कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलंय, आणि रोग दिसायला तीस-चाळीस वर्षं लागतात. उंबरठा, जुन्या खोलीवर कसला पत्रा आहे? सिमेंटचा नागमोडी जुना पत्रा असेल तर हातोडा घालायच्या आधी तपासून घ्या. फोडायचा नाही, ओला करून अख्खा उतरवायचा, आणि तोही जाणकाराकडून.

उंबरठा
पारिजात, कौलं आहेत, पत्रा नाही. पण न्हाणीघरावर एक जुना नागमोडी तुकडा आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही असं आत्ताच घरात सांगितलं. खरंच आभार.

सळई
पारिजात, अगदी योग्य वेळी आलात. एलसीएमध्ये विषारीपणाचे निर्देशांक असतात, पण त्यातली अनिश्चितता इतकी मोठी की त्यावर दोन माल तोलायला मी धजत नाही. कामगाराने मुखपट्टी लावली होती का, हे तर त्यात येतच नाही.

वाळूबाबतही असंच. एक घनमीटर काँक्रीट घ्या: सिमेंट ३२० किलो, त्याचा कार्बन डायऑक्साइड २९० किलोंच्या आसपास. सळई ९० किलो, खनिजापासून केलेलं पोलाद असेल तर किलोला २ प्रमाणे १८०. आणि खडी-वाळू जवळजवळ दोन टन, तिचे सगळे मिळून १०. वजनाने सर्वांत जास्त आणि कार्बनमध्ये जवळपास अदृश्य. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे जग वर्षाला ५० अब्ज टन वाळू-खडी उपसतं. नद्यांची पात्रं खचतात, विहिरी आटतात, आणि आमच्या तक्त्यात लिहिलेलं असतं १०.

दगडफूल
एवढं सगळं करण्यापेक्षा रोमन लोकांसारखं काँक्रीट का करत नाही आपण? त्यांच्या इमारती दोन हजार वर्षं उभ्या आहेत!

मठ्ठपारवा
आला! कुठल्याही बांधकामाच्या चर्चेत तिसाव्या प्रतिसादाच्या आत रोमन येतातच. या वेळी विसाव्यालाच आले.

ओळंबा
पारव्या, थट्टा पुरे. दगडफूल, प्रश्न चांगला आहे. रोममधल्या पँथिऑनचा घुमट ४३ मीटर रुंद आहे आणि त्यात एकही सळई नाही. आपलं काँक्रीट मरतं ते बहुतेक वेळा आतल्या लोखंडाने. काँक्रीट हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषतं, ते कानाला गोड लागतं, पण त्यामुळे त्याचा अल्कधर्मीपणा उतरतो, सळईला गंज चढतो, गंज फुगतो आणि सळईवरचा काँक्रीटचा थर सुटतो. सळईशिवाय पातळ स्लॅब टाकता येत नाही, आणि घुमटाखाली दुसरा मजला निघत नाही. म्हणून रोमन नाही.

मी चाळीस वर्षं साइटवर सुपरवायझर होतो, आता घरीच असतो. इतकं सगळं वाचलं, पण उंबरठांना एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. जी खोली पाडताय ती कशाची आहे?

उंबरठा
ओळंबाकाका, विटांची आहे. आजोबांच्या वेळची. नऊ इंची भिंती.

आणि सळईताई, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं ते आज बसून बघितलं. टप्पे दोन्हीकडे ए१ ते ए३, कागद दोन्ही मुदतीतले. एककाबद्दल सांगायला लाज वाटतेय. ब्लॉकचे १८० 'दर घनमीटर' आहेत. विटेचे २२० 'दर टन' आहेत. तुम्ही मध्येच 'टनाला २२० असेल असं समजू' म्हणालात तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मठ्ठपारवा
दोन महिने घरात भांडण, आणि एकाच्या हातात वजनकाटा, दुसऱ्याच्या हातात फूटपट्टी!

काजवा
मी आत्ता उठून फरशीचे कागद बघून आले. एक दर चौरस मीटर, दुसरा दर किलो. 🙈

सळई
लाजू नका, मुरलेले लोकही फसतात. आता हिशोब करू.

विटेची घनता १८०० किलो धरली तर घनमीटरला ३९६. पण भिंत काही घनमीटरने राहत नाही, म्हणून दर चौरस मीटर भिंत धरू. २३० मिमीच्या भिंतीत पाव भागाच्या आसपास मसाला असतो, म्हणजे विटांचे साधारण ७० आणि १:६ मसाल्यातल्या सिमेंटचे १२. मिळून ८२. २०० मिमी एएसीचे ३६, वर पातळ सांध्याच्या चिकट मसाल्याचे दोन-तीन, म्हणजे ३८-३९. तुम्हाला वीस टक्क्यांच्या आत दिसलेला फरक प्रत्यक्षात दुपटीहून जास्त आहे, ब्लॉकच्या बाजूने. खडीवाल्यांची फुटतूट धरली तरी ब्लॉक ४१-४२ च्या पुढे जात नाहीत.

खडीवाला
थांबा, थांबा. तुमच्या हिशोबातली वीट नुसती उभी आहे का? नऊ इंची वीट छपराचा भार स्वतः घेते. तळमजल्याच्या दोन खोल्या आम्ही कॉलमशिवाय, जोता, लिंटेल आणि छपराच्या पातळीला काँक्रीटचे पट्टे देऊन बांधतो. एएसी भरायचे तर डिझायनर आधी कॉलम-बीमचा सांगाडा दाखवतो. तो सांगाडा कुणाच्या खात्यात?

सळई
बरोबर पकडलंत. मी भिंतीशी भिंत तोलली, खोलीशी खोली तोलायला हवी होती. सगळ्या मूल्यांकनात चूक होते ती इथेच, गुणाकारात क्वचितच.

ढोबळ करू. दोन खोल्यांची भिंत ६० चौरस मीटर, फरक ४३-४४, म्हणजे एएसीने वाचवले २६०० किलो. पट्ट्यांपेक्षा सांगाड्याला ४ घनमीटर काँक्रीट जास्त लागलं असं धरा: सिमेंटचे ११५० आणि दाट सळईचे ९५० च्या आसपास. मिळून २१००. हाती उरले ५००. स्लॅब दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो धरला नाही. एवढा फरक तर गृहीतकांच्या धुळीतच जातो. सांगाड्यात स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) आणि भंगारापासून केलेली सळई वापरली तर ब्लॉक पुन्हा पुढे. तुमची जमीन भूकंपप्रवण असेल किंवा पुढे मजला चढवायचा असेल तर सांगाडा तसाही लागणार, मग तर ब्लॉक सरळ पुढे.

नववा_मजला
म्हणजे उत्तर नाहीच?

सळई
उत्तर आहे, पण ते मालाचं नसतं, घराचं असतं. दुसऱ्याचं घर घ्या, उत्तर बदलेल.

ओळंबा
माझा प्रश्न परत मागे पडला. उंबरठा, आजोबांच्या वेळची खोली म्हणजे जोडकाम चुन्यातलं असणार. सांध्यात खिळा खुपसून बघा. भुरभुर सुटला आणि पांढरट असला तर चुना.

तसं असेल तर अर्धी वखार तुमच्या दारातच उभी आहे. चुना विटेपेक्षा मऊ, म्हणून वीट बसुलीच्या दोन टोल्यांनी सुटी होते. सिमेंटचा मसाला विटेपेक्षा कडक, तिथे सांधा सुटत नाही, वीटच फुटते. आजच्या भिंतीतल्या विटा तुमच्या नातवाला वापरता येणार नाहीत याचं कारण हे. ताईंच्या तक्त्यात ते कुठे बसतं माहीत नाही.

सळई
काका, सी आणि डी मध्ये बसायला हवं. प्रत्यक्षात कुणी बसवत नाही. जुन्या विटेचा भाजण्याचा भार मात्र पहिल्या आयुष्यात फिटला असं धरतात. आता तिच्या नावावर फक्त साफसफाई आणि वाहतूक. तुमच्या बाबतीत वाहतूक म्हणजे दहा पावलं.

चिंचेचं_झाड
काकांना दंडवत.

निळीशाई
लाकडी कौलारू छपराचे वासेही तपासा मग. जुनं लाकूड असणार. (मी हार मानलेली नाही.)

ओळंबा
पण जुनी वीट म्हणून आंधळेपणाने घेऊ नका. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यायला हवा. बद्द वाजली की बाजूला. कमरेच्या उंचीवरून मऊ जमिनीवर टाका, फुटता कामा नये. चार-सहा विटा सुक्या वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढलं तर बाहेरच्या भिंतीला नको. लोणा लागलेली वीट तर आतल्या भिंतीलाही नको, नवा गिलावा वर्षात फुगवून टाकते. रॅट-ट्रॅप बाँडने (विटा कडेवर उभ्या लावून आत पोकळी ठेवायची रचना) विटा पाव भाग वाचतात, पण त्याला सगळ्या विटा एका मापाच्या लागतात. जुन्यात ते जमणं अवघड.

उंबरठा
काका, आज सकाळी गवंड्याला घेऊन एक चौरस मीटर भिंत सोडवून पाहिली. सांधा चुन्याचाच. त्या तुकड्यात ११० विटा निघाल्या. ७८ अख्ख्या, १९ अर्ध्या, उरलेल्यांचा चुरा. वरचे चार थर मात्र वडिलांनी कधीतरी सिमेंटमध्ये डागडुजी केलेले, तिथली एकही धड सुटली नाही. तुम्ही म्हणालात तसंच, सांधा जागेवर आणि वीट दुभंगलेली. गवंडी ते बघून गप्प झाला, मग स्वतःच म्हणाला की आतल्या भिंती चुन्याच्या मसाल्यात करू.

बाहेरच्या भिंतींचं ठरायचंय. पुढे मजला चढवायचा नाही हे घरात पक्कं झालं, त्यामुळे सांगाडा बहुधा रद्द. तळच्या दोन थरांना लोणा आहे, त्यांचा ढीग वेगळा केलाय. सहा विटा बादलीत बुडवून ठेवल्यात, उद्या वजन करतो. ईपीडीच्या चाळीस पानांची मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर मुलगी विटांची मोजदाद लिहितेय.

सळई
वजनं इथे टाका. सुकं आणि ओलं दोन्ही.

काजवा
फरशीचं विचारायचं राहिलंच. वेगळा धागा काढू?

मठ्ठपारवा
काढा. शीर्षकातच एकक लिहा.